कासचं कुंपण कुठून आलं?

साताऱ्याहून बामणोलीकडे जाताना वर कासचं पठार लागतं. उंची सुमारे १,२०० मीटर. पावलाखाली जांभ्याचा कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती. काही ठिकाणी तीही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं, मार्चपासून कातळ तापतो. झाड मूळ धरणार तरी कुठे? त्यामुळे इथल्या वनस्पतींनी पावसाळ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं असं ठरवून टाकलं. पावसाने धुऊन निकस झालेल्या मातीत दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पतीही तग धरते. पानावरच्या चिकट थेंबांत चिलट अडकलं की तेच तिचं खत. डबक्यांत वायतुरा ही पाणवनस्पती असते, आणि टोपली कारवीचं झुडूप सात वर्षांनी एकदा फुलून वाळून जातं.

म्हणजे बाहेरच्याला जी आपत्ती वाटते, ते इथलं वेळापत्रक आहे.

त्यात माणूस आला तो गुरांसकट. आसपासच्या गावांची आणि डोंगरावरच्या गवळी-धनगरांची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या पठारांवर चरत आली. ती उंच गवत खात, खुरांनी माती हलवत. वणवेही लागत. ब्रिटिश महसुली नजरेला मात्र असला माळ म्हणजे ‘पडीक’. झाड नाही म्हणजे जमीन बिघडलेली, हा समज आपल्या डोक्यातून अजून पुरता गेलेला नाही.

२०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही होतं. मग गाड्यांची रांग लागली. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांपासून पठार वाचवायला तारेचं कुंपण घातलं गेलं. हेतू चांगला होता. एका बुटाखाली चिरडलेल्या रोपाचं त्या वर्षीचं बी जातं. पण तारेने माणसाबरोबर गुरंही अडवली. काही हंगामांनी गवत वाढलं, फुलं दबली अशी तक्रार गावकरी आणि अभ्यासक दोघेही करू लागले. गवताच्या सावलीत सीतेची आसवं किंवा गेंद यांसारखी बुटकी फुलं टिकणार कशी? पुढे कुंपण काढलं गेलं.

सगळा दोष तारेच्या माथी मारणं मला पटत नाही. पाऊसमान बदललं, गावात गुरं कमी झाली. तार नसती तरी चराई पूर्वीइतकी राहिली नसती. आता कुंपण गेलं, पण माळावर सोडायला जनावरं किती उरलीत?