गाडीवरचा काळा ठिपका: डांबराचा की लोखंडाचा?

पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीच्या दारांच्या खालच्या भागात बारीक काळपट ठिपके दिसले, की 'डांबर उडालंय' म्हणून आपण मोकळे होतो आणि रॉकेलचा बोळा घेऊन घासायला बसतो. काही ठिपके निघतात, काही जागचे हलत नाहीत. मग हाताचा जोर वाढतो आणि ठिपका राहतो तिथेच, रंगाची चमक मात्र जाते. असे हटून बसलेले ठिपके बहुतेक वेळा डांबराचे नसतातच. ते लोखंडाचे असतात, आणि त्यांना रॉकेल काहीही करू शकत नाही.

रस्त्याचं डांबर खनिज तेलातून येतं. उन्हाने मऊ झालेलं किंवा नुकतंच टाकलेलं डांबर चाकाला चिकटतं आणि वेगात मागे फेकलं जातं. म्हणून त्याचे ठिपके चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या कडेला आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर सापडतात. बॉनेटवर किंवा छतावर ते क्वचितच दिसतात. ठिपका रंगाच्या वर उंचवट्यासारखा बसलेला असतो. ऊन लागल्यावर नख दाबलं तर त्यावर वळ उमटतो.

लोखंडाचे कण येतात ते मुख्यतः ब्रेकमधून. बिडाच्या डिस्कवर पॅड घासले की झिजून तापलेले सूक्ष्म कण उडतात. रेल्वेमार्गाजवळ किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंग चालतं तिथे गाडी उभी राहत असेल, तर तिकडूनही येतात. हे कण वरवर चिकटत नाहीत, रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, पुढे त्याच्याभोवती नारिंगी-तपकिरी कडा. चाकांच्या आसपास ते जास्त असले, तरी हवेतून येत असल्याने बॉनेट, छत, डिकी कुठेही असू शकतात. धुतलेल्या गाडीवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारी खरखर लगेच कळते.

तरीही शंका राहिली, तर पांढऱ्या सुती फडक्यावर थोडा टार रिमूव्हर (डांबर विरघळवणारं द्रावण) घेऊन एका ठिपक्यावर अर्धा-एक मिनिट नुसता धरून ठेवा, घासू नका. डांबर असेल तर कडेने पिवळट-तपकिरी ओघळ सुटतो आणि फडक्यावर चहासारखा डाग उमटतो. लोखंड असेल तर फडकं तसंच पांढरं राहतं.

डांबर पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या शाम्पूला ते दाद देत नाही. त्याला तेलाच्या जातीचं द्रावक लागतं. टार रिमूव्हर हे तेच असतं. रॉकेलही चालतं, पण मागे तेलकट थर राहतो, तो शाम्पूने नीट धुवावा लागतो. पेट्रोल नको: झटकन उडून जातं, आगीचा धोका वेगळाच. आणि एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावक, तर गाडीजवळही आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुन्हा रंगवलेला भाग, प्लास्टिक, दिव्यांच्या काचा यांना तो खाऊ शकतो. एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात: डांबराच्या ठिपक्यात वाळूचे कणही असतात. ठिपका पूर्ण मऊ होण्याआधी घासला, तर ती वाळू रंगावर ओरखडे काढते. मऊ झाल्यावर फडक्याने टिपून उचलायचा आणि दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्यायची.

लोखंडाला द्रावक नाही, रासायनिक क्रिया लागते. आयर्न रिमूव्हरमध्ये सहसा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाशी जोडलं जाऊन जांभळा रंग देतं, म्हणून फवारल्यावर काही मिनिटांत पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरू लागतात. काळ्या गाडीवर हे दिसत नाही, पण काम चालूच असतं. वास उग्र असतो, तेव्हा मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच वापरा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. रसायन रंगावर वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं.

दोन्ही प्रकारचे ठिपके असतील, तर डांबर आधी काढा. आयर्न रिमूव्हर पाण्याचा असतो, डांबराच्या थराखालच्या कणापर्यंत तो पोचत नाही. क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, सगळ्यात शेवटी, आणि भरपूर वंगण फवारून. डांबरावर तो फिरवला तर काळा लगदा अख्ख्या पॅनलवर पसरतो. हे सगळं झालं की त्या भागावर पुन्हा वॅक्स लावा, कारण टार रिमूव्हर जुनं वॅक्सही घेऊन जातो.

इतकं करूनही नारिंगी डाग उरला आणि बोटाला तिथे खळगा लागला, तर गंज क्लिअर कोट फोडून खाली गेला असण्याची शक्यता आहे. तिथे आणखी रसायन ओतू नका, गाडी पेंटरला दाखवा.