प्राण्यांचा सहवास आणि मुलांची सहवेदना (नागपूर)

दुसऱ्याचे सुखदुःख ओळखणे आणि त्याप्रमाणे वागणे हे मूल ज्या अनेक वाटांनी शिकते, त्यांपैकी प्राण्यांशी जडलेले नाते ही एक वाट. नागपुरात या विषयाला शेतीच्या सणांची, कडक उन्हाळ्याची आणि मोकाट कुत्र्यांवरून सतत धुमसणाऱ्या वादाची पार्श्वभूमी आहे.

विचार जुनाच आहे. लहान जिवांना छळण्याची सवय लागलेले मूल पुढे माणसांशीही निर्दयपणे वागते, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये लिहून ठेवले. त्याने एका आईचे उदाहरण दिले आहे. ती मुलींना कुत्री, खारी, पक्षी हवे ते पाळू देई. मात्र त्यांची निगा नीट राखलीच पाहिजे, ही तिची अट असे. पुढे १९६०च्या दशकात बोरिस लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपला जिंगल्स नावाचा कुत्रा उपचारांच्या वेळी हजर ठेवण्याचे अनुभव मांडले. माणसांशी न बोलणारी मुले त्याच्याजवळ मोकळी होत.

यामागचे कारण असे सांगितले जाते की, प्राण्याला आपली तक्रार शब्दांत मांडता येत नाही. मांजराने कान मागे पाडले, शेपटी आपटायला लागले, की त्याला आता अंगचटीला येणे नको आहे, हे मुलाला स्वतः पाहून समजून घ्यावे लागते. समजले नाही तर बोचकारे ठरलेले. आपल्याला गंमत वाटते ती दुसऱ्याला त्रासाची असू शकते, हा धडा इतक्या लवकर आणि इतक्या रोकठोकपणे माणूस देत नाही. मोठी माणसे बहुधा सांभाळून घेतात.

तरीही घरात कुत्रा आणला म्हणजे मूल आपोआप कनवाळू होते, हे खरे नाही. कॅलिफोर्नियातील पाच हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाळीव प्राणी असलेल्या घरांतली मुले आधी सरस दिसली. पण कुटुंबाचे उत्पन्न, घर अशा गोष्टी हिशेबात धरल्यावर तो फरक जवळपास उरला नाही. याउलट फ्रँक असियोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना प्राण्यांविषयी वर्षभर पद्धतशीर शिक्षण देऊन पाहिले, तेव्हा चौथीच्या मुलांमध्ये माणसांविषयीची सहवेदनाही वाढलेली दिसली. म्हणजे प्राणी घरी असण्यापेक्षा त्याच्यासाठी रोज काय करावे लागते आणि ते करताना घरातले मोठे कसे वागतात, यावर बरेच अवलंबून आहे.

नागपूरच्या आसपासच्या गावांत हे शिक्षण खांदशेकणीला मिळते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुऊन त्यांच्या खांद्यांना हळद-तूप (आता बहुतेक ठिकाणी तेल) लावून शेकतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलालाच सांगतात. मुलेही हात लावतात. जू बसून बसून तिथली कातडी जाड, खरखरीत झालेली असते. वर्षभराची मेहनत कुठे साचते ते त्या जागी हाताला लागते. झूल, बाशिंग, घुंगरू हे सगळे दुसऱ्या दिवशीचे. शिकण्यासारखे जे आहे ते आदल्या संध्याकाळीच होऊन जाते, असे म्हणायला हरकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे नागपुरात सांगितले जाते. मुले नटूनथटून चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात, घरोघरी त्यांची पूजा होते आणि मुलांना बोजारा (खाऊ किंवा पैसे) मिळतो. हल्ली वस्त्यावस्त्यांत सर्वांत देखणा बैल आणि वेशभूषा यांच्या स्पर्धा असतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने खऱ्या बैलाला कधी हात लावलेला नसतो, आणि बक्षिसाच्या नादात बैल मागेच राहतो. तरी दारोदार बैलाचे पाय धुतले जाताना मूल पाहते, तेही वाया जात नाही.

शहरातल्या मुलांचे नाते बैलापेक्षा कुत्रे, चिमण्या आणि खारींशी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा कूलरच्या पाण्याने ओल्या झालेल्या कोपऱ्यात गल्लीतले कुत्रे पडून असते. गच्चीवर पक्ष्यांसाठी मातीचे भांडे भरून ठेवणे हे अनेक घरांत मुलांचेच काम. ते एक दिवस विसरले की भांडे कोरडे पडते. संक्रांतीला याच गच्च्यांवर ‘ओ काट’चा जल्लोष चालतो आणि नायलॉन मांजात पक्षी अडकतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली तरी हा मांजा दिसतोच. महाराजबाग (१८९४) आणि गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय (२०२१) मुलांना प्राणी दाखवतात. पण पिंजऱ्यापलीकडून पाहण्यात निगा राखण्याचा भाग नाही.

उलट बाजूही आहे. कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणारी पोरे बहुतेक वेळा टोळक्याच्या भरात असतात आणि ठाम शब्दाने थांबतात. मात्र लपूनछपून, पुन्हापुन्हा केलेला छळ गंभीर मानला जातो. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने १९८७ मध्ये तो वर्तनविकाराच्या लक्षणांत घेतला. असे मूल कधीकधी स्वतःच घरी मार खात असते.

मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. वाद मोठ्यांचा असला तरी रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात एक गुंता आहे: लाडक्या कुत्र्याला पकडून नेतील या भीतीने मूल दात लागल्याचे घरी लपवते. म्हणून लळा लावतानाच, ओरखडा उठला तरी लगेच सांगायचे, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि लस घ्यायला जायचे, हेही मुलांना शिकवावे लागते.