दहा-दहा मीटरच्या दोन तारा

हॅम रेडिओकडे, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून संदेश पाठवण्या-ऐकण्याकडे, वळलेला माणूस आधी संच शोधतो आणि अँटेनाचं नंतर बघू म्हणतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. साधा संचही नीट टांगलेल्या तारेवर दूरदूरचं ऐकतो, आणि ती तार एका दुपारी घरीच तयार होते.

सुरुवातीला डायपोलच करावा, म्हणजे मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली सरळ तार. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या तारेत विद्युतप्रवाहाची लाट अचूक बसते: प्रवाह मधोमध सर्वाधिक, टोकांशी शून्य. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर, म्हणजे अर्धी २१. पण टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात तार सुमारे ५ टक्के आखूड लागते. म्हणून तारेची लांबी थेट काढायला ३०० ऐवजी सरळ १४३ ला भागावं, मग वेगळं निम्मं करायला नको. उत्तर येतं २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम १० मीटर तार.

वायरिंगची प्लास्टिक वेष्टनाची तांब्याची तार चालते. मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी. संचाकडून येणाऱ्या कोॲक्स केबलची आतली तार एका बाजूला आणि भोवतालची जाळी दुसऱ्या बाजूला जोडायची, सांधा पाण्यापासून झाकायचा. सांध्याखालीच केबलचे काही वेढे गुंडाळून बांधले तर जाळीच्या बाहेरून वाहणारा नको असलेला प्रवाह अडतो.

तार मात्र हिशेबापेक्षा थोडी लांबच घ्यावी. भिंती, जमिनीपासूनची उंची, तारेवरचं वेष्टन, सगळ्यांचा लांबीवर परिणाम होतो. मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती संचाकडे परत येते याचा अंदाज देणारा) बघत दोन्ही बाजू सारख्याच आखूड करत जायचं. ७ मेगाहर्ट्झवर दोन्हीकडचे १०-१० सेंटिमीटर कमी केले की अनुनाद, म्हणजे तार ज्या वारंवारतेवर सर्वात नीट चालते ती, साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. कापण्याआधी टोक मागे दुमडून पाहावं, तेवढ्यानेही फरक दिसतो. एसडब्ल्यूआरचा आकडा अगदी १ यावा म्हणून जीव काढू नये. १.५ ला जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के.

उंची कमी म्हणून नाउमेद होऊ नका. दोन उंच आधार नसतील तर मध्य वर बांधून दोन्ही बाजू उतरत्या सोडाव्यात, फक्त मधला कोन ९० अंशांहून कमी नको. १० मीटरच्या आत टांगलेली अशी तार बरीचशी शक्ती वरच्या दिशेने फेकते. आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या उंच विद्युतभारित थरावरून, ती खाली परतते, आणि दिवसा काहीशे किलोमीटरच्या टापूतल्या गप्पांना नेमकं हेच हवं असतं.

वीजवाहक तारांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. अँटेना कोसळली तरी त्यांना शिवणार नाही इतकं अंतर हवं. प्रक्षेपण करताना टोकांशी विद्युतदाब सर्वाधिक असतो, म्हणून टोकं हाताला लागू देऊ नयेत. ढग गडगडायच्या आत केबल संचापासून सोडवून ठेवावी.

प्रक्षेपणाला परवाना लागतो. नुसतं ऐकायचं असेल तर एवढी काटेकोर लांबी लागत नाही, कारण वारंवारतेच्या या पट्ट्यांवर वातावरणातला आणि घरातल्या चार्जर-दिव्यांचा गोंगाटच कमकुवत संदेश बुडवतो. तार घरापासून जितकी दूर नेता येईल तितकी नेलेली बरी.

हीच तार २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही बऱ्यापैकी चालते. तिथल्या तीन अर्ध्या लाटा तिच्यात मावतात, फक्त एसडब्ल्यूआर थोडा चढा येतो.