पत्ताशोध सेवा (मराठवाड्याच्या संदर्भात)

पत्ताशोध सेवा : लिहिलेला पत्ता घेऊन त्याचे नकाशावरील स्थान, मिळकतीचा क्रमांक आणि प्रमाणित लेखन परत देणारी संगणकीय सोय. संगणक-व्यवहारात तिला जिओकोडिंग म्हणतात. महानगरपालिका ही सोय प्रोग्रॅमरांसाठी एपीआयच्या (एका आज्ञावलीने दुसरीकडे माहिती मागण्याच्या ठराविक मार्गाच्या) रूपाने खुली करते, तेव्हा रुग्णवाहिका, घरपट्टी, पाण्याच्या तक्रारी अशा वेगवेगळ्या ॲपना पत्त्यांचा एकच पाया मिळतो. सेवेची अंगे दोन : पत्त्यांची नोंदवही आणि त्या नोंदवहीत शोध घेणारी आज्ञावली.

न्यूयॉर्क शहराच्या नियोजन विभागाची ‘जिओसर्च’ ही या प्रकारातील अभ्यासण्याजोगी सेवा. ‘पेलियास’ या मुक्तस्रोत आज्ञावलीवर ती उभी असून शहराच्या मिळकत-पत्ता निर्देशिकेतून तिला माहिती मिळते. निर्देशिकेची नवी आवृत्ती आली की सेवेतील पत्तेही बदलतात. हा बदल प्रोग्रॅमरला सहसा जाणवत नाही; उत्तराचा साचा बदलला तर मात्र जाणवतो. जिओसर्चच्या दुसऱ्या आवृत्तीत दहा अंकी भूखंड क्रमांक (बरोचा म्हणजे शहराच्या मुख्य विभागाचा १ अंक, ब्लॉकचे ५, लॉटचे म्हणजे भूखंडाचे ४) उत्तरातील आपली जुनी जागा सोडून आतल्या एका कप्प्यात गेला. जुन्या जागी तो शोधणारी ॲप त्यामुळे दुरुस्त करावी लागली.

त्रिपदी घरक्रमांक : मराठवाड्यात अशी सेवा रचताना पहिली गाठ पडते ती घरक्रमांकाशी. छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथील जुन्या वस्त्यांत ‘४-१२-५६’ या धर्तीचे तीन पदांचे क्रमांक आढळतात. पहिले पद वॉर्डाचे, दुसरे त्यातील पोटविभागाचे आणि तिसरे घराचे, असा त्यांचा अर्थ सामान्यतः लावतात. पुण्याकडील पेठ व घरक्रमांक या पद्धतीहून ही रचना वेगळी आहे. हैदराबाद, वरंगळ, कलबुर्गी व बीदर येथे मात्र तीच दिसते. तिच्या उगमाविषयी दोन उपपत्ती संभवतात. निजामी राजवटीतील नगरपालिका कारभारात ती रुजली असावी, ही एक. स्वातंत्र्योत्तर काळात घरपट्टीची फेरआकारणी होताना ती आली असावी, ही दुसरी. १९५६ साली हैदराबाद राज्याची त्रिभाजणी होऊन हे प्रदेश मुंबई, म्हैसूर व आंध्र प्रदेश या राज्यांत गेले. तरीही तिन्हीकडे पद्धत सारखीच राहिली, हे पाहता ती १९५६ पूर्वीची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विजयवाडा, विशाखापट्टणम या निजामी राज्याबाहेरच्या शहरांतही त्रिपदी क्रमांक आहेत, त्यामुळे ती केवळ निजामी निर्मिती होय असे ठामपणे म्हणता येत नाही. निश्चित वर्ष सांगणे तर धाडसाचेच ठरेल.

आज्ञावलीला हा क्रमांक सहज पचत नाही. आडवी रेघ ‘पासून-पर्यंत’ या अर्थी घेतली जाते आणि ४-१२ म्हणजे चार ते बारा क्रमांकांची घरे असा अर्थ निघतो. स्प्रेडशीटमध्ये तर ४-१२-५६ ही तारीखच होऊन बसते. घरपट्टीच्या यादीतून नोंदवही भरताना हा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून द्यावा लागतो, नाहीतर मूळ क्रमांक कायमचा हरवतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातही ‘३७-१०’ असे जोडक्रमांक आहेत. तेथे पहिले पद जवळच्या आडव्या रस्त्याचे असते. मराठवाड्यातील क्रमांकात रस्त्याला स्थानच नाही. म्हणून रस्ता धरून घर शोधणारी परकी आज्ञावली येथे जशीच्या तशी लावणे सर्वथा अयोग्य होय.

घराला अन्य क्रमांकही असतात. नगर भूमापन क्रमांक मिळकत पत्रिकेवर असतो, शेतजमिनीचा गट क्रमांक सातबाऱ्यावर. गुंठेवारी वस्त्यांत गट क्रमांकापुढे खाजगी आखणीचा प्लॉट क्रमांक येतो. एकाच गटात दोन आखण्या असल्यास तोच प्लॉट क्रमांक दोनदा येऊ शकतो. सिडकोने वसवलेल्या संभाजीनगरच्या भागात ‘एन-९, एम-२’ अशी क्षेत्रनामे रूढ आहेत.

नामांतर व स्थलांतर : औरंगाबाद व उस्मानाबाद शहरांच्या छत्रपती संभाजीनगर व धाराशिव या नावांना केंद्राची मान्यता २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली, जिल्हा, तालुका व विभाग यांच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. चांगल्या अद्ययावतीकरणात नवे नाव प्रमाण ठरते आणि जुने पर्यायी नाव म्हणून शोधात राहते, कारण जुन्या खरेदीखतांवर व शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर तेच छापलेले आहे. महावीर चौकाला लोक बाबा पेट्रोल पंप म्हणतात. हे बोलीतले नावही नोंदवहीत हवे. रुग्णवाहिका बोलावणारा माणूस तेच सांगतो.

किल्लारीची गोष्ट याच्या उलट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. येथे नाव टिकले, बिंदू हलला. भूकंपापूर्वीच्या नकाशावरून भरलेली नोंदवही माणसाला उजाड गावठाणात नेऊन उभे करील.

लेखनभेद : ‘घ. क्र.’, ‘घर नं.’, ‘मकान नं.’ हे एकच मानावे लागतात. देवनागरी व रोमन अंकही. ‘कऱ्हाळे’सारख्या नावातील ऱ्ह युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतप्रणालीत) दोन प्रकारे टंकित होतो : एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोडच्या ठराविक प्रमाणीकरणाने ते एक होत नाहीत. त्यांची सांगड सेवेने स्वतः घालावी लागते.

टपाली संकेतांक : श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. मराठवाड्याची सीमा त्यात उमटत नाही : संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ४३१ ने सुरू होतात, लातूर व धाराशिव ४१३ ने.

टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद व इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने केलेला दहा चिन्हांचा ‘डिजिपिन’ मे २०२५ मध्ये आला. देशाभोवती ३६ अंश बाजूचा चौकोन कल्पून त्याचे सोळा भाग, त्यातील प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा केल्यावर सुमारे ४ मीटर बाजूचा चौकोन उरतो. गुंठेवारीत किंवा शेतवस्तीवर याचा मोठा उपयोग आहे. तो अक्षांश-रेखांशांवरूनच निघत असल्याने नामांतराची झळ त्याला लागत नाही. मात्र उंची त्यात धरलेली नाही; एकावर एक असलेल्या सदनिकांना संकेतांक एकच येतो आणि मजला व दार क्रमांक वेगळा लिहावा लागतो.