ओरडल्याने हिमकडा कोसळत नाही

हिवाळी ट्रेकच्या ग्रुपमध्ये हे हमखास ऐकू येतं: "बर्फात मोठ्याने बोलू नका, आवाजाने हिमस्खलन होतं." सिनेमांनी हा समज आणखी पक्का केला. पण बर्फाचा थर मोडायला माणसाच्या आवाजाचा दाब फारच अपुरा पडतो. सुरुंगाच्या स्फोटाची गोष्ट वेगळी.

थर मोडतो वजनाने. आणि बहुतेक जीवघेण्या अपघातांत ते वजन अडकलेल्या माणसाचं किंवा त्याच्याच सोबत्याचं असतं. गुलमर्गला गेलात तर जाणत्या गाइडबरोबर सुरक्षित जागी बर्फात खड्डा खणून पाहा. कधीकधी वर घट्ट लादी आणि तिच्याखाली साखरेसारखे सुटे दाणे दिसतात; मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. अशा जागी पाय पडला की खालचा थर खचतो, 'धप्प' आवाज येतो, भेगा पळत सुटतात. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर वरची अख्खी लादी निसटते. तो 'धप्प' ऐकला की मागे फिरायचं.

गप्प राहण्याचा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो. भेग दिसली तर ओरडून सांगायलाच हवं! संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी. बीकन (गाडलेल्या माणसाची जागा रेडिओ-संदेशाने कळवणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून त्याला शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घटते. तेवढ्यात पोहोचू शकतात ते फक्त सोबती, म्हणून बर्फात पुरलेला बीकन शोधण्याचा सराव निघण्याआधीच करा.