रवांडात गोरिला बघायचेत? परमिटचं सगळं इथे वाचा

रवांडाच्या वोल्कॅनोज नॅशनल पार्कला जायचं म्हणजे आधी परमिट हातात घ्या, मग विमानाची तिकिटं काढा. बरेच जण उलटं करतात आणि मग तारखा जुळत नाहीत, जून ते सप्टेंबरच्या कोरड्या सीझनला तर परमिटं महिनोन्महिने आधीच उडतात.

परमिट देतं रवांडा डेव्हलपमेंट बोर्ड ही तिथली सरकारी संस्था. त्यांच्या पोर्टलवरून स्वतः काढा नाहीतर टूरवाल्याकडून, लागतं काय तर पासपोर्टवर आहे तस्संच नाव, पासपोर्ट नंबर, नागरिकत्व आणि तारीख. आपल्यासारख्या परदेशी माणसाला माणशी १५०० डॉलर पडतात (२०१७ आधी ७५० होते, एका फटक्यात डबल केले), आणि एवढे मोजून गोरिलांजवळ मिळतो फक्त एक तास! महाग आहेच, पण पार्कच्या कमाईतले १० टक्के आसपासच्या गावांना जातात, आणि शेतं अगदी जंगलाच्या कडेला भिडलेली असताना जंगल टिकवायचं तर गावकऱ्यांना काहीतरी मिळायलाच हवं, असं माझं मत. बजेट नसेल तर शेजारी युगांडात ८०० डॉलरला होतं.

वयाची अट कडक, १५ वर्षं पूर्ण पाहिजेत, लहान मुलांसाठी गयावया करून उपयोग नाही. सर्दी-खोकला-ताप असेल तर रेंजर थांबवू शकतात कारण आपले आजार गोरिलांना लागतात, म्हणूनच मास्क न्यायचा आणि अंतर ठेवायचं. एका कळपाला दिवसाला ८ च माणसं.

व्हिसाचं टेन्शन नाही, भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे ३० दिवसांचा व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो, पासपोर्ट मात्र निदान सहा महिने व्हॅलिड हवा. युगांडा किंवा केनिया जोडून करणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड काढाच, नाहीतर भारतात परतताना विमानतळावरच अडकाल. लस सरकारमान्य सेंटरलाच मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची.

ट्रेकच्या दिवशी सकाळी ७ ला पार्कच्या किनिगीतल्या ऑफिसला हजर, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. तिथे ग्रुप पाडतात, चालायला त्रास होत असेल तर तेव्हाच सांगा, जवळचा कळप मिळू शकतो. तिथून पुढे जीप लागते ती परमिटमध्ये धरलेली नाही. सकाळी लवकर पोचायचं असल्यामुळे आदल्या रात्री पार्कजवळच्या मुसांझे गावात राहा, राजधानी किगालीहून पहाटे निघणं म्हणजे दोन-अडीच तासांची उगाच धावपळ. सामान उचलायला पोर्टर मिळतो, त्याचे पैसे वेगळे, पण घ्याच, कारण ही सगळी ज्वालामुखीची चढण आहे, इथलं कारिसिम्बी शिखर तर ४५०७ मीटर (ते चढायचं परमिट वेगळं, दोन दिवसांचं). चिखल, बांबू, खाजखुजलीसारखी झुडपं, म्हणून फुल पँट आणि जाड हातमोजे घाला.

आणि हो, रवांडात प्लास्टिक पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, ठेपले-चिवडा कॅरीबॅगमध्ये नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.