ट्रकला डबल सायलेन्सर बसवायचाय? वेल्डिंगच्या आधी कागद

डबल सायलेन्सरचा बेत बहुतेक वेळा गॅरेजमध्येच ठरतो. मेस्त्री म्हणतो, 'दोन पाइप काढू, गाडी मोकळी होईल.' दोन तासांत पाइप कापून होतो आणि आरटीओची आठवण येते ती थेट पासिंगच्या, म्हणजे फिटनेस तपासणीच्या दिवशी. मी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्यांची कागदपत्रं करतो. पासिंग अडकून गाडी दारात उभी आणि हप्ता मात्र चालू, अशी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून आधीच सांगतो, परवानगी पाइप कापण्याआधी घ्यायची असते.

कागदांआधी इंजिनाबद्दल थोडं. अशी दोन पाइपांची मांडणी अमेरिकन पिकअप गाड्यांत दिसते. तिथल्या व्ही-8 इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला स्वतंत्र मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करणारी नळी असते. त्यामुळे दोन पाइप मागपर्यंत न्यायला तिथे अर्थ आहे. आपल्या ट्रकची चार किंवा सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं बहुतेक सगळी एका ओळीतली. धूर एकाच टर्बोतून जातो आणि एकाच पाइपने बाहेर पडतो. त्या पाइपाला पुढे फाटा फोडला तर तोंडं दोन दिसतील, पण इंजिनाच्या लेखी पाइप एकच राहतो. ताकद वाढेल या आशेने खर्च करणार असाल तर थांबा. दिसण्यासाठी किंवा चेसिसखाली जागा नाही म्हणून करणार असाल, तर पुढे वाचा.

गाडी बीएस-6 आहे का, हे सर्वांत आधी बघा. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे हे निकष लागू झाले आणि सायलेन्सरचा पाइप म्हणजे नुसती नळी राहिली नाही. बहुतेक बीएस-6 ट्रकमध्ये टर्बोनंतर ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट असतो, मग काजळी धरणारा फिल्टर असतो आणि त्यापुढे युरिया फवारून नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) मोडणारा एससीआर. पंपावर ज्याला सगळे 'युरिया' म्हणतात, त्या द्रावणात 32.5 टक्के युरिया असतो. या सगळ्यावर तापमानाचे, दाबाचे आणि नॉक्सचे सेन्सर बसवलेले असतात. यातलं काहीही कापलं, रिकामं केलं किंवा सेन्सरची जागा हलवली, तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. घाटात भरलेली गाडी अशी बसली तर काय होतं, ते ड्रायव्हरला विचारा. तेव्हा हात लावायचाच तर एससीआरच्या पुढच्या, अगदी शेवटच्या तुकड्याला. त्याआधीच्या भागाचा विचारच सोडा. तशी परवानगी कुठलंही कार्यालय देणार नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 सांगतं की, उत्पादकाने मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. यावर गॅरेजवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो, 'आरसीवर सायलेन्सरचा रकानाच नाही, मग परवानगी कशाला?' रकाना नाही, एवढं खरं. पण गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 126 खाली तपासून मंजूर होतो आणि धूर व आवाज हे दोन्ही त्याच तपासणीत मोजलेले असतात. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबाबत कडक भूमिका घेतली. त्यामुळे रकाना नाही म्हणून मोकळीक आहे, असं मी कुणालाच सांगत नाही.

नियमांत सायलेन्सरविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि डबल सायलेन्सरचे बेत अडतात ते इथेच. नियम 112 प्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही, तो उजवीकडे किंवा मागे गेला पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो. पायी जाणारा, सायकलवाला, एसटीची वाट बघणारी बाई, सगळे डावीकडेच असतात. एक तोंड डावीकडे, एक उजवीकडे असा देखणा आराखडा काढलात तर डावं तोंड तिथेच बाद. दोन्ही तोंडं मागे न्यायची असतील तर पाइप डिझेलच्या नळीपासून निदान 35 मिलिमीटर लांब ठेवावा लागतो, हे नियम 113 मध्ये आहे. डिझेलची टाकी ज्या बाजूला, त्याच बाजूने दुसरा पाइप नेणारे मेस्त्री मी पाहिले आहेत. एका गाडीखाली खड्ड्यात उतरून मी पट्टी लावली, तर पाइप आणि नळी यांत बोटभरही जागा नव्हती. वर भरला होता कापूस.

नियम 120 आवाजाचा. सायलेन्सर असलाच पाहिजे आणि आवाज ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे. नव्या मालवाहू गाडीला, ती साडेतीन टनांवरची आणि 150 किलोवॅट किंवा जास्त ताकदीची असेल तर, चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या गाडीचा आकडा बघायचा तर घरातली जुनी फाइल काढा. डीलरने दिलेल्या कागदांत फॉर्म 22, म्हणजे गाडी नियमांत बसते असं कंपनीचं प्रमाणपत्र असतं. अलीकडच्या गाड्यांच्या फॉर्मवर धुराच्या आकड्यांसोबत आवाजाचाही आकडा छापलेला असतो. कुठलाही बदल करताना तोच तुमचा मापदंड. बॉडी बाहेर बांधली असेल तर फॉर्म 22-ए सुद्धा जपून ठेवा.

अर्ज करू शकतो तो नोंदणीकृत मालक, आणि करायचा तो आपल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या आरटीओत. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सरची लेखी संमती जोडा. पेट्रोल-डिझेलचा टँकर असेल तर आरटीओच्या आधी पेसोचा, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा परवाना बघावा लागतो. त्यांचं मुख्यालय नागपुरात आहे. मंजूर टँकरच्या सायलेन्सरला त्यांच्या संमतीशिवाय कुणीही हात लावू नये. दहा किंवा जास्त परिवहन वाहनं (ट्रक, बस वगैरे) असलेल्यांना राज्य सरकार पूर्वपरवानगीविना इंजिन बदलण्याची मुभा देऊ शकतं, पण तीही त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर. सायलेन्सर त्यात येत नाही.

अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, परमिट, कर भरल्याची पावती, मालकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि फॉर्म 22 ची प्रत तयार ठेवा. थकलेली ई-चलानं आधी भरून टाका, नाहीतर ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. खरं वजन असलेले कागद मात्र दोनच. पहिला म्हणजे बदलाचा आराखडा. मूळ पाइप कुठे संपतो, नवा कुठून सुरू होतो, तोंडं कुठे निघतात, हे मापांसकट आणि आत्ताच्या स्थितीच्या फोटोंसह द्या. दुसरा म्हणजे बसवायच्या भागाचं मान्यता प्रमाणपत्र, पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचं.

हा दुसरा कागद नाक्यावरच्या वेल्डरकडे नसतो आणि एका गाडीसाठी चाचणी करून घेणं मालकाला परवडत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, तुमच्या मॉडेलसाठी सायलेन्सरची दुसरी मान्य मांडणी आहे का. असेल तर तोच भाग बसवून घ्या, पुढचं सगळं सोपं होतं. नसेल तर हा बेत सोडा. मला विचारायला येणाऱ्या बहुतेकांना मी हेच सांगतो आणि त्यांची निराशा मला दिसते.

मंजुरी मिळाली, की काम झाल्यापासून 14 दिवसांत बदलाची माहिती, आरसी आणि शुल्क आरटीओत द्यायचं असतं. हे 14 दिवस फक्त कळवण्याचे आहेत, मंजुरी त्याआधीच हातात हवी. निरीक्षक गाडी बघायला मागतील तेव्हा ती धुऊन न्या, वेल्डिंगचे सांधे दिसू द्या. पीयूसी नव्याने काढा आणि विमा कंपनीला मंजुरीची प्रत पाठवून पोच घ्या.

विनापरवाना केलं तर काय? 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. धूर-आवाजाच्या निकषांचा भंग असेल तर कलम 190 मध्ये पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. आरटीओच्या वायुवेग पथकाने अडवलं तेव्हा स्टीअरिंगवर मालक नसतो, ड्रायव्हर असतो, आणि त्याचं घर त्या लायसन्सवर चालतं.

पाइप आधीच कापून झाला असेल तर मूळ तुकडा भंगारात देऊ नका. पासिंगच्या तारखेआधी तोच परत बसवून घेता येतो.